पाण्यातील न दिसणारे विष आणि ते ओळखणारे विद्युतअग्र



पाण्यापासून होणारे आजार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हगवण, कावीळ, विषमज्वर येतात. हे जंतूंचे आजार. त्यांच्यावर टीसीएल पावडर, पाणी उकळणे, हात धुणे हे उपाय आता घरोघरी माहीत झाले आहेत. पण पाण्यात दुसऱ्याही प्रकारचे घातक पदार्थ असतात. नायट्रेट, शिसे, पारा, कॅडमियम, कीटकनाशके. यांना रंग नाही, वास नाही, बहुतेकांना चवही नाही. टीसीएलने ते मरत नाहीत, कारण ते जिवंतच नसतात. उकळल्याने ते उडून जात नाहीत, उलट पाणी आटते आणि तेवढेच विष कमी पाण्यात राहते. तुरटीने, कपड्याने किंवा साध्या मेणबत्तीच्या फिल्टरने नायट्रेट गाळले जात नाही.

मग ते आहे की नाही हे कळायचे कसे? प्रयोगशाळेत नमुना पाठवून कळते. त्याला वेळ लागतो आणि फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून जगभरचे संशोधक असे साधन तयार करण्याच्या मागे आहेत की, हातपंपाशी उभे राहून काही मिनिटांत पाण्यातला नेमका पदार्थ मोजता येईल. त्या साधनाच्या टोकाशी असते विद्युतअग्र, म्हणजे इलेक्ट्रोड, आणि त्या विद्युतअग्रावर चढवलेला बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा, पातळ थर. हे साधन काय आहे, ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे आपण या पाठात समजून घेऊ. हे समजले की घरी येऊन पाण्यात तारा बुडवून घाबरवणाऱ्या विक्रेत्यालाही उत्तर देता येईल.

आधी प्रमाण समजून घेऊ

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक म्हणजे आयएस १०५००. त्यानुसार एक लिटर पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पारा तर ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको.

हे आकडे नुसते वाचून कळत नाहीत. दहा हजार लिटरचा एक टँकर, असे दहा टँकर उभे करा. त्या सगळ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम शिसे मिसळले, तर शिशाची मर्यादा गाठली. इतके थोडे शिसे शोधायचे, तेही त्याच पाण्यात हजारो पटींनी जास्त असलेल्या कॅल्शियम, सोडियम, क्लोराइड यांच्या गर्दीतून. अडचण इथे आहे.

ओळखीचे उदाहरण : साखर मोजण्याचे यंत्र

विद्युतअग्र हा शब्द नवा वाटला तरी वस्तू नवी नाही. मधुमेही माणसाच्या घरी ग्लुकोमीटर असतो. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीला लावला की आकडा येतो. त्या पट्टीवर अगदी बारीक विद्युतअग्रे छापलेली असतात आणि त्यांच्यावर एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, थर असतो. हा विकर रक्तातील इतर सगळे पदार्थ सोडून फक्त ग्लुकोजशी क्रिया करतो. त्या क्रियेत इलेक्ट्रॉन सुटतात, ते विद्युतअग्रावर येतात, वीज वाहते. साखर जास्त तर वीज जास्त. यंत्र ती वीज मोजते आणि आकडा दाखवते. विकराचा थर लावलेल्या विद्युतअग्राची ही कल्पना लेलँड क्लार्क या अमेरिकी संशोधकाने १९६२ मध्ये मांडली.

दुसरे उदाहरण आम्ही परिचारिकांनी वॉर्डात रोज पाहिलेले. जुलाबाने गळालेल्या रुग्णाचे रक्त सोडियम-पोटॅशियमसाठी पाठवतात आणि थोड्या वेळात रिपोर्ट येतो. त्या यंत्रात पोटॅशियम मोजणारे जे विद्युतअग्र असते, त्याच्या तोंडाशी सहसा पीव्हीसीचा पातळ पडदा असतो. सलाईनची नळी आणि नळाचा पाइप ज्यापासून बनतो तेच हे पीव्हीसी. त्या पडद्यात व्हॅलिनोमायसिन नावाचा पदार्थ मिसळलेला असतो. तो पोटॅशियमला धरतो, सोडियमला जवळजवळ धरत नाही. म्हणजे बहुवारिकाचा थर लावलेल्या विद्युतअग्रावर दवाखाने कितीतरी वर्षे विसंबून आहेत. पाण्यासाठी तीच युक्ती वापरायची आहे.

दोन्ही उदाहरणांत मर्म एकच. नुसते विद्युतअग्र आंधळे असते. ते सगळ्यांनाच सारखे पाहते. त्याच्यावरचा थर त्याला कोणाला ओळखायचे ते शिकवतो.

बहुवारिक म्हणजे काय, आणि ते कोणते काम करते

लहान लहान सारख्या रेणूंची लांबच लांब माळ म्हणजे बहुवारिक. प्लॅस्टिकची बादली बहुवारिकाची, पीव्हीसी बहुवारिक, आणि कापसाचा धागासुद्धा निसर्गाने बनवलेले बहुवारिकच. विद्युतअग्रावर बसवल्यावर ते चार प्रकारची कामे करू शकते.

पहिले काम, गोळा करणे. नाफिऑन नावाच्या बहुवारिकाच्या माळेला ऋण प्रभाराचे गट लटकलेले असतात. शिशाचा आयन धन प्रभाराचा. तो या थराकडे ओढला जातो. पाण्यात विखुरलेले शिसे असे विद्युतअग्राच्या अंगाशी जमते आणि मोजणे सोपे होते.

दुसरे काम, अडवणे. पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचे अंश, साबणाचा फेस असे पदार्थ असतात. ते उघड्या विद्युतअग्रावर चिकटून त्याला बुजवून टाकतात. नाफिऑनचा थर ऋण प्रभाराचा असल्यामुळे यांतील पुष्कळसे ऋण प्रभाराचे पदार्थ बाहेरच थांबतात. दारावर जाळी बसवल्यासारखे हे काम आहे.

तिसरे काम, वीज वाहून नेणे. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, म्हणून तर वायरीवर त्याचे आवरण असते. पण १९७७ मध्ये हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी दाखवले की, काही बहुवारिकांवर आयोडिनसारख्या पदार्थाची प्रक्रिया केली तर त्यांतून वीज चांगली वाहते. या कामासाठी त्यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पॉलिॲनिलीन, पॉलिपायरोल ही अशीच वीजवाहक बहुवारिके. ॲनिलीनच्या आम्लयुक्त द्रावणात विद्युतअग्र बुडवून वीज सोडली की त्याच्यावरच पॉलिॲनिलीनचा हिरवट थर तयार होतो. किती जाड थर हवा, ते विजेवर ठरवता येते.

चौथे काम, साचा होणे. ओल्या चिखलात बैलाचे खूर उमटले आणि चिखल वाळला की त्या खळग्यात तसाच खूर नीट बसतो. संशोधक असेच करतात. ज्या कीटकनाशकाचा शोध घ्यायचा, त्याचे रेणू मिसळूनच बहुवारिक तयार करतात आणि मग ते रेणू धुऊन काढतात. मागे त्यांच्या आकाराचे खळगे राहतात. पुढे पाण्यात तेच कीटकनाशक असेल तर ते त्या खळग्यांत बसते. ॲट्राझीनसारख्या तणनाशकासाठी आणि पॅराथिऑनसारख्या कीटकनाशकासाठी असे थर तयार झाले आहेत.

शिसे कसे मोजतात

आता एक तपासणी पायरीपायरीने पाहू. लहानशा पट्टीवर तीन विद्युतअग्रे असतात. एक काम करणारे, ज्यावर बहुवारिकाचा थर आहे. दुसरे तुलनेसाठी, ज्याचे विभव स्थिर राहते. हे सहसा चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचे असते. तिसरे वीज पूर्ण वाहावी म्हणून.

पाण्याच्या नमुन्यात थोडे आम्लयुक्त द्रावण मिसळून पट्टी त्यात बुडवतात. काम करणाऱ्या विद्युतअग्राला आधी बराच ऋण विभव देतात, सुमारे उणे १.२ व्होल्ट. पाण्यातील शिशाचे आयन त्याच्यावर येतात, प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन घेतात आणि धातू होऊन तिथे बसतात. काही मिनिटे हे चालू ठेवायचे. ही झाली साठवण. मग विभव हळूहळू धन दिशेने वाढवत नेतात. विशिष्ट विभवाला कॅडमियम सुटून पुन्हा पाण्यात जाते, त्यानंतर शिसे, आणि बरेच पुढे तांबे. सुटताना प्रत्येक धातू इलेक्ट्रॉन सोडतो आणि आलेखावर विजेचे एक टोक दिसते. टोक कुठे आले यावरून धातू कोणता ते कळते, टोक किती उंच यावरून तो किती ते कळते.

या पद्धतीचे मूळ जुने आहे. प्रागच्या यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबाचे विद्युतअग्र वापरून विजेने रसायने ओळखण्याची पद्धत काढली. १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पारा या कामाला फार चांगला, पण तो स्वतःच विष. जपानमधल्या मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांमधून माणसांत गेला आणि मेंदूचे भयंकर आजार झाले, ते १९५६ मध्ये उजेडात आले. पाऱ्याचा थर्मामीटर वॉर्डात फुटला की जमिनीवर पळणारे थेंब गोळा करताना आम्हा परिचारिकांची जी धावपळ होई, ती ज्यांनी केली त्यांना हे वेगळे सांगायला नको. विष शोधण्यासाठी विषच गावोगाव न्यायचे, हे बरे नाही. म्हणून २००० सालापासून पाऱ्याऐवजी बिस्मथ धातूचा पातळ थर वापरू लागले, आणि त्यासोबत नाफिऑनसारखे बहुवारिक.

शिसे एवढ्या कष्टाने का शोधायचे? लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते परिणाम करते, रक्त कमी होते, पोटात दुखते, अभ्यासात मूल मागे पडते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवतात, जिथे जुने पाइप आणि पितळी नळ आहेत, तिथे हा धोका जास्त. अशी कामे बहुधा कोणाच्या वस्तीशेजारी चालतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

नायट्रेटचे विद्युतअग्र

आपल्या गावांत शिशापेक्षा नायट्रेटचा प्रश्न मोठा आहे. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव या जिल्ह्यांतील भूजलात केंद्रीय भूजल मंडळाला मर्यादेपेक्षा जास्त नायट्रेट आढळले आहे. शेतातला युरिया, उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा यांतून ते झिरपत विहिरीत आणि बोअरमध्ये जाते.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे दूध या पाण्यात कालवून दिले तर नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातील हिमोग्लोबिन बिघडवते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेत नाही. बाळ निळसर, राखाडी दिसू लागते, रक्त चॉकलेटी रंगाचे होते. प्राणवायू लावूनही निळेपणा जात नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध दाखवला. आईने असे पाणी प्यायले तरी तिच्या दुधात नायट्रेट साठत नाही. म्हणून पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वर पाण्याचा घोटही नको, हा नियम इथेही बाळाला वाचवतो.

नायट्रेट मोजणाऱ्या विद्युतअग्राच्या टोकाशी पीव्हीसीचा पडदा असतो आणि त्यात नायट्रेटला जवळ करणारे क्षार मिसळलेले असतात. इथे वीज वाहवत नाहीत, पडद्यावर तयार होणारे विभव मोजतात. नायट्रेट दहापट झाले की २५ अंश सेल्सिअसला विभवात सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. म्हणून वापरण्याआधी दोन माहीत असलेल्या द्रावणांत ते बुडवून पाहतात, समजा एकात लिटरला १० मिलिग्रॅम आणि दुसऱ्यात १०० मिलिग्रॅम. फरक ५९ च्या आसपास आला तर पडदा चांगला. चाळीसच आला तर पडदा झिजला, त्याचा आकडा मानू नये. रक्तदाबाचे यंत्र जसे वेळोवेळी तपासून घ्यावे लागते, तसेच हे.

या साधनांच्या मर्यादा

नवीन शोधाची बातमी आली की सगळे सुटले असे वाटते. आम्ही आरोग्याचे काम करणाऱ्यांनी तरी तसे मानू नये.

एक, प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात जे जमते ते गढूळ विहिरीच्या पाण्यात तसेच जमेल असे नाही. दोन, ओळख पूर्ण पक्की नसते. नायट्रेटच्या पडद्याला क्लोराइडही थोडे फसवते. खारट पाण्यात आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, म्हणून आधी क्लोराइड काढावे लागते. तीन, बहुवारिकाचा थर फुगतो, सुटतो, जुना होतो. एका पट्टीचा आणि दुसऱ्या पट्टीचा आकडा वेगळा येऊ शकतो. चार, शिसे मातीच्या कणांना चिकटलेले असेल तर आम्ल घातल्याशिवाय ते विद्युतअग्राला दिसत नाही. म्हणून असे साधन धोक्याची सूचना देण्यासाठी उत्तम, पण निर्णय अधिकृत प्रयोगशाळेच्या अहवालावर घ्यावा.

विक्रेत्याच्या दोन तारा

आता दारात येणाऱ्या विद्युतअग्राकडे वळू. आरओ यंत्र विकणारे दोन ग्लास मांडतात, एकात आपल्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. आपले पाणी तपकिरी, घाण होते, त्यांचे स्वच्छ राहते. घरातली बाई घाबरते आणि हप्त्याने यंत्र घेते.

खरे काय घडते? कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. आपल्या पाण्यात नेहमीचे क्षार असतात, त्यामुळे वीज वाहते, लोखंड विरघळते आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. ती घाण कांडीची आहे, पाण्याची नाही. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून लोखंड सुटत नाही. खात्री करायची असेल तर त्यांच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा वीज सोडायला सांगा. तेही तपकिरी होईल.

टीडीएस मीटरचेही असेच. ते पाण्यातून वीज किती वाहते एवढेच पाहते आणि एकूण क्षारांचा अंदाज देते. कोणता क्षार, ते सांगत नाही. टीडीएस ४०० म्हणजे पाणी चांगले, असे म्हणतात, पण त्यातच नायट्रेट ९० असू शकते, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. शिशाचे १० मायक्रोग्रॅम तर त्याला कधीच दिसणार नाहीत. आरओने नायट्रेट आणि शिसे कमी होते हे खरे, पण बरेच पाणी वाया जाते आणि यंत्राची देखभाल लागते. आपल्या पाण्यात ते आहे की नाही, हे आधी तपासावे, मग पैसे खर्चावे.

आपण आज काय करू शकतो

१. ग्रामपंचायतीला विचारा की, आमच्या वस्तीचा हातपंप, बोअर, विहीर या स्रोतांची रासायनिक तपासणी कधी झाली. जलजीवन मिशनच्या सूचनांप्रमाणे ती वर्षातून एकदा आणि जंतूंची तपासणी दोनदा व्हायला हवी. गावाच्या मध्यावरील टाकीचा अहवाल हा वस्तीच्या हातपंपाचा अहवाल नव्हे. प्रत्येक स्रोताचे पाणी वेगळे असते. अहवालाची प्रत मागा.

२. प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणी किट वापरण्याचे प्रशिक्षण द्यायचे आहे. त्या पाचांत आपल्या वस्तीची एक तरी भगिनी असावी, असा आग्रह धरा. किटमध्ये नायट्रेटची तपासणी रंग जुळवून होते. ती दिवसा उजेडात करा आणि दोघींनी स्वतंत्रपणे रंग पाहा. साध्या किटमध्ये शिशाची तपासणी सहसा नसते, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

३. नमुना नीट घ्या. हातपंप आधी काही मिनिटे चालवा. स्वच्छ प्लॅस्टिकचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, मग भरा. कॅनवर स्रोत, तारीख, वेळ लिहा. थंड ठेवून लवकर पोचवा. नळातील शिशाचा संशय असेल तर रात्रभर पाइपात राहिलेले सकाळचे पहिले पाणी घ्या. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी लागते, घरची चालत नाही.

४. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत नागरिकांनाही अल्प शुल्कात तपासणी करून मिळते. जलसुरक्षक, आशाताई, आरोग्यसेवक यांची मदत घ्या.

५. नायट्रेट ४५ च्या वर आले तर ते पाणी उकळून बाळाला देऊ नका. पिण्यासाठी दुसरा स्रोत मागा, धुण्याभांड्यासाठी तेच पाणी चालेल. हातपंपाजवळचा उकिरडा आणि शोषखड्डा हलवण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा. बाळ निळे दिसले तर वाट पाहू नका, तडक रुग्णालयात न्या आणि कोणते पाणी दिले ते डॉक्टरांना सांगा. या आजारावर मिथिलीन ब्लू हे औषध आहे.

६. कोणी नवीन मीटर किंवा पट्टी दाखवली तर तीन प्रश्न विचारा. हे नेमका कोणता पदार्थ मोजते? माहीत असलेल्या द्रावणात ते आमच्यासमोर तपासून दाखवाल का? प्रयोगशाळेच्या अहवालाशी हा आकडा जुळवून पाहिला आहे का? या तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर आकड्यावर विश्वास ठेवू नका.

या महिन्यात आपल्या महिला मंडळाच्या बैठकीत एवढेच करा. वस्तीतील पाण्याच्या सर्व स्रोतांची यादी वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे शेवटच्या तपासणीची तारीख व नायट्रेटचा आकडा लिहा. ज्याच्यापुढची जागा रिकामी राहील, त्याचा नमुना पहिला पाठवा.